पत्ता बरोबर होता

माझ्या मुलीने मला तिचा आताचा पत्ता दिलेला नाही. तो मी शोधून काढला. गोंदियाला रेल्वेच्या टपालात मी एकतीस वर्षं सॉर्टर होतो. दुसऱ्यांची पाकिटं हातात घ्यायची, पुसट, अर्धवट, चुकलेले पत्ते लावायचे आणि ज्या त्या गावाच्या खान्यात टाकायचे, एवढं एकच काम मला आयुष्यात नीट जमलं. निवृत्तीनंतर ते घरच्यासाठी एकदाच कामी आलं. त्यातून जे झालं ते सांगतो.

मुलगी कोरियाला गेली तेव्हा घरात सगळं सुरळीत होतं. नागपूरला इंजिनिअरिंग झालं, मग बॅटरीवरच्या संशोधनासाठी तिला देजॉन नावाच्या शहरात शिष्यवृत्ती मिळाली. गोंदियाला चिकटून असलेल्या आमच्या फुलचूरला गल्लीतली कोणाची मुलगी रायपूरच्या पुढे गेली नव्हती. मी गल्लीभर पेढे वाटले. हिने, म्हणजे तिच्या आईने, वाटले नाहीत. ही बॅग भरत बसली होती. लाखोळीची डाळ, तिखट, पापड, आणि वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर काढून टाकावे लागलेले एक किलो पोहे.

दर रविवारी सकाळी अकराला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असायचे. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडेल असं एक आहे इथे. पत्ता उलटा लिहितात. आधी शहर, मग गू, मग दोंग, मग इमारत, खोली, आणि शेवटी माणसाचं नाव."

"काय, काय?" ही स्वयंपाकघरातून धावत आली. "शहर अन् मंग काय?"

"गू, आई. शहराचा मोठा भाग. जिल्ह्यासारखा."

हिला हसू आवरेना. डोळ्याला पदर लावून हसत राहिली. "बाप्पा! शहराचे भाग पाडायले दुसरा शब्द नाई भेटला का त्यायले?"

मुलगीही तिकडे हसत होती. मी मात्र वही घेऊन बसलो, कारण मला खरोखरच गोडी लागली होती. सॉर्टर पाकीट खालून वर वाचतो. आधी शेवटची ओळ, राज्य, जिल्हा, पिन. नाव वाचायचं त्याला कारणच पडत नाही. इथे एका अख्ख्या देशाने पत्ता आमच्या सोयीने लिहायचं ठरवलं होतं.

पुढच्या दोन-चार रविवारी मी तिला खोदून खोदून विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. देजॉन हे मोठं महानगर, प्रांताच्याच दर्जाचं, म्हणून पत्त्यात त्याच्या वर प्रांताचं नाव लागत नाही. त्याचे पाच गु. (मी वहीत मुद्दाम ऱ्हस्व लिहू लागलो.) प्रत्येक गुचा प्रमुख लोक निवडून देतात. गुच्या पोटात दोंग. ही म्हणाली, "दोंग म्हणजे आपला मोहल्लाच ना?" मुलगी म्हणाली, "हो, पण त्या मोहल्ल्याला स्वतःचं ऑफिस असतं. दाखले, नोंदी, म्हाताऱ्या माणसांच्या योजना, सगळं तिथेच." आणि त्यातही गंमत होती. जमिनीच्या कागदावरचे दोंग जुने, पूर्वीपासून चालत आलेले. कारभाराचे दोंग वेगळे, लोकसंख्या पाहून आखलेले. तिच्या भागात जुने लहान लहान दोंग चार-पाच मिळून एकाच ऑफिसखाली घातले होते. तिच्या घराच्या कागदावर एका दोंगचं नाव, आणि ऑफिसच्या पाटीवर दुसऱ्याच.

"म्हंजे आपल्या फुलचूरसारखंच," ही म्हणाली. "घरं शहरातले, कागद गावचे."

असे आमचे रविवार होते. साडेतीन वर्षं.

मग हिची भूक गेली. आधी आम्ही ॲसिडिटी म्हटलं. वजन उतरलं, डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा रायपूरला नोकरीला असलेला मुलगा आला आणि आम्ही तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मला आणि मुलाला वेगळं बसवून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, तीन महिने, फार तर चार.

मुलीचा प्रबंध तेव्हा शेवटच्या टप्प्यात होता. तपासणी समितीसमोर उभं राहायची तारीख लागली होती. ती पुढे ढकलली तर शिष्यवृत्तीही संपणार होती. परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, तिला आत्ता सांगायचं नाही. ती सगळं टाकून येईल. आणि येऊन करणार काय?" ही मागे आडवी पडली होती. आम्हाला वाटलं झोपली आहे. ती म्हणाली, "पोट्टीले कायले घाबरवता? तिचं होऊन जाऊ द्या आधी."

हे ती म्हणाली. एकदा. हे मी नंतर किती जणांना सांगितलं असेल, मोजता येणार नाही.

सुरुवातीला निभावलं. रविवारी ही उशीला टेकून बसायची, खांद्यावरून शाल घ्यायची, आणि मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो, म्हणजे चेहऱ्याचा रंग दिसू नये. मग बसवेना. मग आम्ही व्हिडिओ बंद ठेवू लागलो आणि नेट खराब आहे म्हणू लागलो. मग आवाजही कळायला लागला, तेव्हा मी सांगितलं, "आई मुर्रीला गेली आहे मावशीकडे. धानाचं काम आहे, चार-आठ दिवस राहील."

मुर्रीची ही मावशी म्हणजे माझी साळी, हिची धाकटी बहीण. मुर्री गाव फार लांब नाही, आमच्या घरून ऑटोने जाता येतं. खरं तर मावशीच आमच्याकडे येऊन राहिली होती, बहिणीची सेवा करायला. मुलीने तिच्या मोबाइलवर फोन केला तेव्हा ती आमच्याच घरात, हिच्या खाटेपाशी बसली होती. मी हाताने खूण केली. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "हो, इथंच हाये तुझी आई. झोपून राहिली आता. काम झालं ना आज लय." फोन ठेवल्यावर ती उठून अंगणात गेली.

हिचे शेवटचे पंधरा दिवस राहिले असतील. एका दुपारी ही म्हणाली, "अवो, आता बोलावून घ्या तिले."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात तिचं आहे ना. झालं की लगेच बोलावतो."

दोन दिवसांनी तिने पुन्हा म्हटलं. या वेळी माझं मनगट धरलं होतं. "बोलावता ना?" मी "हो" म्हटलं आणि बोलावलं नाही. मावशी तिथे पायाशी बसली होती. तिसऱ्यांदा हिने मला विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

का बोलावलं नाही, याची मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. प्रबंध, शिष्यवृत्ती, मुलाचं म्हणणं. ती खोटी नव्हती. पण खरं हे की मुलीला बोलावणं म्हणजे हिच्या तोंडावर कबूल करणं होतं की तू आता जाणार. ते माझ्याने होत नव्हतं. आणि दुसरं, जे आणखी वाईट आहे: मुलगी डॉक्टर होणार हे मी गल्लीत, जुन्या ऑफिसात, सगळीकडे सांगून बसलो होतो. ते अर्धवट राहिलेलं मला नको होतं.

मुलीचं समितीसमोरचं काम झालं बुधवारी. तिने हर्षाने फोन केला, मी अभिनंदन केलं, आणि म्हटलं रविवारी सविस्तर बोलू. हिच्या कानाशी मी सांगितलं की झालं, पोरगी डॉक्टर झाली. हिने डोळे उघडले नाहीत. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला ही गेली.

त्याच दुपारी आम्ही तिला नेलं. मुलाने बहिणीला फोन केला तो घाटावरून परत येताना.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोहोचली. दारात चपला काढल्या, आत आली, खाट उचललेली होती त्या जागी बसली. रडली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही माझी आई माझ्याशिवाय जाळली."

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आई काही बोलली का? मला बोलवा असं म्हणाली का कधी?"

मी म्हटलं, "नाही गं. शेवटपर्यंत तेच म्हणत होती, तिला त्रास देऊ नका, तिचं होऊ द्या."

हे बोलताना मावशी चुलीशी होती. तिच्या हातातला पळा थांबला, एवढं मी पाहिलं.

मुलीने ते खरं मानलं. दोन दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलू लागली. तेरवीला पाहुण्यांना पाणी दिलं, माझ्या बीपीच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून दिल्या. जाताना पाया पडली. म्हणाली, "आईचीच इच्छा होती तर मी कोणावर रागावू?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

पुढे सहा-सात महिने रविवारचा फोन पुन्हा सुरू होता. लहान असायचा, पण असायचा. तिला तिकडेच दुसऱ्या शहरात नोकरी लागायची होती, तेही तिने सांगितलं. मग नवरात्र होऊन गेल्यावर एका रविवारी फोन आला नाही. मी लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी नाही. मुलाचाही लागेना. आमचे दोघांचेही नंबर तिने ब्लॉक करून टाकले होते. मुलगा म्हणाला, "डोकं फिरलंय तिचं. येईल ठिकाणावर." मी वाट पाहिली. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

मग मला जे येतं ते केलं. पत्र लिहिलं. देजॉनचा तिचा पत्ता वहीत होताच. दोन-अडीच महिन्यांनी ते पाकीट फिरून माझ्याच दारात आलं. परदेशातून परत आलेल्या टपालावर एक छापील चौकट चिकटवलेली असते. भाषा फ्रेंच, कारण देशादेशांतल्या टपालाची भाषा जुन्या काळापासून तीच. आत कारणं आणि प्रत्येकापुढे खूण करायची जागा. नोकरीत असताना अशी पाकिटं क्वचित हाताखालून जायची, म्हणून ते चार-पाच शब्द मला ओळखीचे आहेत. या पाकिटावर खूण होती त्या ओळीचा अर्थ: पत्ता न ठेवता गेली.

पुढे पोळ्याला मी मुर्रीला गेलो. मावशीच्या घरात फळीवर एक पुठ्ठ्याचा डबा दिसला, त्यावर कोरियन अक्षरं. तिने त्यात कांदे भरून ठेवले होते.

"हे कुठून आलं?"

मावशी म्हणाली, "गुडघ्याचा पट्टा पाठवला तिनं. लाइटवर गरम होते तो."

"तुला फोन करते?"

"करते."

"माझं काही विचारते?"

"नाई," ती म्हणाली. खोटं बोलून मन राखण्याची तिला सवयच नव्हती. तो प्रकार तिने एकदाच केला होता, माझ्यासाठी.

मी डबा मागितला. तिने कांदे टोपलीत ओतले आणि डबा दिला. "पत्ता मीनं देला असं नोका सांगू तिले. मीनं डब्बा देला."

पाठवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती. वरची बाजू गेलेली. उरलं होतं ते एवढंच: पाच आकडी पिन, 'गु' हे एकटं अक्षर, एका नावाचं शेवटचं अक्षर, आणि पुढे "१०४ दोंग, १२०३" असं काहीसं. मी आयुष्यभर जे केलं तेच पुन्हा करायला बसलो. पंधरा दिवसांत कोरियन अक्षरं शिकलो. ती अवघड नाहीत. एकेक चौकोन म्हणजे दोन-तीन अक्षरं जोडलेली, आपल्या जोडाक्षरासारखी. मोबाइलवर नकाशा मोठा करून बघायचो, वहीत उतरवायचो. आपल्या पिनचे पहिले तीन आकडे जसे टपालाचा जिल्हा सांगतात, तसेच तिथेही पहिले तीन आकडे शहरापर्यंत, गुपर्यंत नेऊन सोडतात. त्यांनी मला नेऊन सोडलं सुवोन नावाच्या शहरात, यंगथोंग नावाच्या गुमध्ये.

पहिल्या वेळी मी चुकलो. मला वाटलं गु म्हणजे गु. पण सुवोन महानगर नाही. ते ग्यंगी प्रांताच्या खाली येतं, म्हणून पत्त्यात आधी प्रांत हवा. तिथे गु आहेत चार, पण शहर मोठं म्हणून कारभाराच्या सोयीसाठी पाडलेले. त्यांचा प्रमुख लोक निवडत नाहीत, शहराचा महापौर नेमतो. नाव एकच, अधिकार वेगळा. ही असती तर तिने यावरही काहीतरी म्हटलं असतं. दुसरी चूक मोठी होती. "१०४ दोंग" म्हणजे मी एकशे चार नंबरचा मोहल्ला समजलो आणि तसंच लिहून पत्र टाकलं. साधं पत्र, रजिस्ट्री नाही. त्यात काय होतं? अंगणातल्या जांभळाची फांदी तोडली, बीपी ठीक आहे, मुलाची बदली व्हायची आहे. खरं त्यात काही नव्हतं. त्या पत्राला ना उत्तर आलं, ना ते परत आलं. पाच महिने मी त्या परत न येण्याला चांगली खूण मानत होतो. टपालात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने असं मानू नये.

मग कळलं की दोंग हा शब्द तिथे दोन ठिकाणी येतो. एक मोहल्ल्याचा, एक इमारतीचा. उंच इमारतींचा एक समूह असतो, त्यातली प्रत्येक इमारत एक दोंग, आणि बाराशे तीन म्हणजे बाराव्या मजल्यावरचं तिसरं घर. मोहल्ल्याचं नाव फाटलेल्या भागात गेलं होतं. यंगथोंग हेच नाव एका मोहल्ल्याचंही आहे. कागदावर तो एकच मोठा दोंग, पण कारभारासाठी त्याचे एक, दोन, तीन असे तुकडे पाडून तीन ऑफिसं केलेली. देजॉनच्या अगदी उलट. तिथे चार-पाचांचा मिळून एक, इथे एकाचे तीन. तिघांपैकी कुठला, यावर मी आठवडाभर घासलो. शेवटी लक्षात आलं की पत्रासाठी त्याची गरजच नाही. आता तिथे पत्ता रस्त्यावरून लिहितात. गु, मग रस्त्याचं नाव, मग इमारतीचा क्रमांक. त्या पिनमध्ये इमारतींचे तीन समूह होते. फाटलेल्या नावाचं शेवटचं अक्षर जुळणारा एकच निघाला. त्याचा रस्ता मिळाला, क्रमांक मिळाला.

ते क्रमांकही हुशारीने दिलेले आहेत. रस्त्याच्या एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम, आणि आकडा अंतराप्रमाणे वाढत जातो. त्याला दहाने गुणलं की रस्ता सुरू होतो तिथून इमारत साधारण किती मीटर आहे ते कळतं. मी गुणाकार केला. एक किलोमीटरला थोडं कमी. आपण इथून निघालो तर बाजाराच्या वळणापर्यंत जाऊ तेवढं. मुलगी त्या रस्त्याच्या तोंडापासून किती पावलांवर राहते हे मला आता ठाऊक होतं. ती कशी आहे हे ठाऊक नव्हतं.

या वेळी पत्रात मी खरं लिहिलं. चार ओळींत मावलं असतं, पण पाच पानं झाली. आई तुला बोलवा म्हणाली होती. दोनदा. दुसऱ्यांदा तिने माझं मनगट धरलं होतं. मी हो म्हटलं आणि बोलावलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोललो. पाकिटावर पत्ता कोरियन अक्षरांत लिहिला, खाली इंग्रजीत, आणि रजिस्ट्री केली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "अंकल, ये आपने लिखा है?" मी हो म्हटलं. मला त्या क्षणी अभिमानही वाटला, हे लिहायला लाज वाटते.

रजिस्ट्रीचा प्रवास मोबाइलवर दिसतो. मुंबई सोडली. कोरियात पोहोचली. सुवोन. मग यंगथोंगच्या टपालात. दोन दिवस तिथेच. मग दिसलं की परत पाठवली.

पाकीट हातात आलं ते एका शनिवारी. कोपरे जरा मऊ झालेले, बाकी तसंच. चौकटीत खूण होती ती ओळ मला वाचावीही लागली नाही. "रफ्यूज़े." घेण्यास नकार.

मी ओट्यावर बसून राहिलो. पत्ता अपुरा असता तर वेगळी खूण असते. माणूस सापडला नाही तर वेगळी. दार बंद असलं, कोणी न्यायला आलं नाही, त्यालाही वेगळी. नकाराची खूण तेव्हाच होते जेव्हा पोस्टमन योग्य दारात उभा असतो, योग्य माणूस दार उघडतो, पाकिटावरचं नाव वाचतो आणि नको म्हणतो. पाठवणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला होतं. माझ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो करून मुर्रीला गेलो. मावशी अंगणात सूप घेऊन लाखोळी निवडत होती.

"भाऊजी, काऊन आले इतक्या सकाळी? बरं हाये ना?"

मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "परत आलं."

"पत्ता चुकला असंन."

"पत्ता बरोबर होता. तिने घेतलं नाही."

तिने पाकीट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, खाली ठेवलं. "का लिवलं होतं त्यात?"

मी तिला सांगितलं. ती तेव्हा खोलीत होती, तिला सगळं ठाऊकच होतं, तरी मी पहिल्यापासून सांगितलं. माझ्या तोंडून ते कोणाला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. ती सूप हलवत राहिली.

"तिले ठाऊक हाये ते," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"सारं. मीनंच सांगतलं तिले, नवरात्रात. तिनं इचारलं, मावशी, खरंच आई म्हणाली का मले बोलावू नोका म्हणून? माह्या तोंडून हो निघंना. एक डाव निघालं होतं ना, तुमच्यापायी. माही बहीण इकडं माह्यासमोर पडली होती अन् मी पोट्टीले सांगून राहिली, मुर्रीले हाये म्हणून. मंग रोज तेच आठवे."

मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणावर तरी राग काढायला मिळत होता. "मला सांगायचं होतंस तरी. मी दोन वर्षं वेड्यासारखा—"

"तुमी सांगतलं होतं का तिले?"

अंगणात कोंबड्या आल्या, तिने त्यांना हुसकावलं.

"काय म्हणाली ती?"

"रडली. लय रडली." मावशी थांबली. सांगावं की नाही असं तिच्या मनात चाललेलं दिसलं. मग म्हणाली, "मंग म्हणाली, बाबानं त्याच दिवशी खरं सांगतलं असतं ना, तर मी भांडली असती. महिनाभर बोलली नसती. मंग बोलली असती. आता कोणच्या दिवशीचं खरं मानू?"

मी ओसरीच्या खांबाला टेकलो. पाच पानं लिहिली तेव्हा मला वाटलं होतं, मी तिला असं काही देतो आहे जे तिच्याकडे नाही.

मावशीने आतून पाणी आणलं. घड्याळ पाहिलं. "तिचा फोन येते आता, अकरा वाजता."

रविवार होता. अकराचा तो फोन आता इथे येत होता.

"मी थांबू?"

ती विचार करत उभी राहिली. "थांबा. पण मी सांगीन तिले तुमी बसले म्हणून. मले आता लपवाछपवी नाई जमत."

"सांग," मी म्हटलं. मी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला. कशासाठी, मला ठाऊक नाही.

फोन आला. मावशीने तो कानाला लावला, स्पीकरवर टाकला नाही. "हो गं माय... बरा हाये गुडघा... आयक, तुझे बाबा आले हायेत. इथंच बसले."

मग ती ऐकत राहिली. फार वेळ नाही. "हो," म्हणाली. पुन्हा "हो." मग "बरं," आणि फोन खाली घेतला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, संध्याकाळी करते मंग."

मावशी चहा टाकायला आत गेली. नको म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, म्हणून बसलो. चहात तिने आलं घातलं होतं. मी तो सगळा प्यालो, कप धुऊन पालथा ठेवला, पाकीट पिशवीत टाकलं.

"जेवून जा ना भाऊजी. सांजच्यापर्यंत थांबा."

मी नाही म्हटलं आणि रस्त्यावर येऊन ऑटो पाहू लागलो. मी त्या घरात असेपर्यंत फोन येणार नव्हता.